वॉर्डातली सगळी कुलपं

त्या दुष्काळात गुरं छावणीला गेली आणि आमच्या महिला दूध संस्थेला काम उरलं नाही. पण आम्हा बायांना एकत्र जमायची सवय लागली होती, ती काही सुटेना. ऊसतोडीच्या कोप्यांमध्ये, त्या पाचटाच्या खोपटांत, बाळंतिणींजवळ बसून आमचे केस पिकलेले. मग ठरवलं, तुरुंगातली एखादी बाई बाळंतपणाला दवाखान्यात आली, की तिच्याजवळ आपल्यातल्या एकीनं बसायचं. औषधपाणी डॉक्टर बघतील, आपण हात धरायचा. परवानगी काढताना मी किती भांडले, ते विचारू नका. गावाला पाणी नसेल, पण माझ्या तोंडाला दुष्काळ कधी पडला नाही.

पहिली आली ती पाटोद्याकडची, ऊसतोडीला जाणारी पोर. तिचा खटला अजून उभा राहायचा होता. काय केलंस, असं मी तिला विचारलं नाही, आजही मला ते ठाऊक नाही. वॉर्डात गेले तर तिचा डावा हात हातकडीनं खाटेच्या लोखंडाला अडकवलेला. शेजारी स्टुलावर महिला शिपाई बसलेली, किल्ली तिच्या कमरेला.

"हिला कावून बांधलंय?" मी विचारलं.

"पळून जाईल म्हणून."

"तिला कूस बदलता येईना बाई, अन् पळंल कुठं?"

"मावशी, मला वरून सांगितलंय. माजी नोकरी हाय." ती खाली बघून बोलली. बाई वाईट नव्हती, म्हणून मला जास्तच राग आला.

दुपार कलली तशा कळा मंदावल्या. नर्स म्हणाली, हिला नीट कुशीवर वळता आलं तर बरं होईल. पोरीनं वळायचा प्रयत्न केला, हातकडी ताणली गेली, मनगट लाल झालं. मी पुन्हा भांडले. शिपाईबाई पुन्हा तेच बोलली. मग पोर माझा पदर धरून म्हणाली, "मावशी, आमच्या घराला कुलूप हाय. समदे तोडीला गेलेत. आता कोन उघडनार?"

आमच्याकडे बाळंतीण अडली, की घरातली पेटी, कपाट, डबे उघडतात, गाठी सोडतात, वेण्या मोकळ्या करतात. कुलूप उघडल्यानं मूल येतं, यावर माझा स्वतःचा काडीचा विश्वास नाही. पण त्यानं बाईच्या जिवाला उभारी येते, हे मी पाहिलंय. आणि हिच्या तर घरालाच कुलूप.

"मग हितली उघडू की," मी म्हणाले आणि माझा अंबाडा सोडला. पिशवीची गाठ सोडली, भाकरीच्या डब्याचं झाकण काढलं. पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीनं न सांगता बोचकं सोडलं. एकीनं ट्रंकेचं कुलूप काढलं, दुसरीनं लेकीच्या वेण्या सोडल्या. नर्सनं हसत औषधांचं कपाट उघडलं. बघता बघता सगळा वॉर्ड मोकळ्या केसांचा झाला.

मग बायांच्या नजरा हळूहळू एकाच ठिकाणी येऊन थांबल्या. कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही, आणि ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं.

शिपाईबाई उठली. तिनं टोपी काढून स्टुलावर ठेवली, स्वतःचा अंबाडा सोडला आणि किल्ली लावली. मग मोबाइल काढून म्हणाली, "साहेब, हातकडी काढलीय. मी दारात उभी हाय." तिनं विचारलं नाही, सांगितलं. तिथंच मला रडू आलं.

पोर कुशीवर वळली. दोन्ही हातांनी माझी मान अशी आवळली, की पुढं आठवडाभर ती दुखत होती. दिवेलागणीच्या आत मुलगी झाली, लालबुंद आणि भलतीच भांडखोर. आमच्या वॉर्डानं असा गलका केला, की नर्सला दटावावं लागलं. बायांनी वेण्या घातल्या, डबे झाकले, ट्रंक बंद झाली.

सगळं जिथल्या तिथं लागलेलं पाहून पोरीनं आपणहून डावा हात शिपाईबाईपुढे केला.

शिपाईबाईनं त्या हाताकडे पाहिलं. मग नर्सकडून बाळ घेतलं आणि त्या हातावर ठेवलं. "दोनी हातांनी धर," ती म्हणाली, "पडंल ती."