सतरा वेळा पाजलेलं खत

काचघराचं दार ढकललं आणि आत्या उंबऱ्यातच थबकली. कालपर्यंत तरारलेली रोपं कडांनी करपून माना टाकून पडली होती.

"अगं... हे काय गं?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

एकतीस वर्षं ती इथे रोपं वाढवत होती. मालक तीन बदलले, आत्या तीच. या निळ्या फुलाचं बी आता कुणाकडे उरलं नव्हतं. होतं नव्हतं ते या चाळीस रोपांत उतरलं होतं. दुपारी तिला गुडघा शेकायला जावं लागे, म्हणून भाचीनं यंत्र बसवून दिलं. बॅटरी नाही, वायर नाही. ऊन आलं की जागं, ढग आला की ठार झोप. दिवसातून एकदाच खताचं पाणी द्यायचं, एवढंच त्याचं काम.

भाची धावत आली. टाकीवरच्या खुणा मोजता मोजता तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"सतरा वेळा दिलंय, आत्या."

"सतरा? डोकं फिरलंय का त्याचं?"

"डोकं माझं फिरलं होतं. आधी खत द्यायचं, मग 'दिलं' म्हणून लिहायचं, असं शिकवलं मी. काल सारखे ढग. खत दिलं, की लिहायच्या आत ऊन गेलं, यंत्र झोपलं. जाग आली की पाटी कोरी. पुन्हा दिलं."

"म्हणजे हात धुतले आणि परत ताटावर!" आत्या मटकन खोक्यावर बसली.

कोपऱ्यात तीन रोपं ताठ होती. तिथवर यंत्राची नळी पोचलीच नव्हती.

"काढून टाकते यंत्र," भाची पुटपुटली.

"थांब. मलाही कामात शंभर हाका येतात. मी कुठे काय लक्षात ठेवते? सकाळीच रोपांच्या ट्रेपुढे खताची वाटी भरून ठेवते. रिकामी दिसली, की दिलं."

भाचीनं आ वासला. "हे आधी नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस?"

आठवड्यानं नळीच्या जागी बिजागरीवर वाटी बसली, यंत्रानं ती फक्त कलंडवायची. सकाळी आत्यानं ती स्वतः भरली, आणि शेकाला दांडी मारली. दुपारी वाटी कलंडली, खत पडलं, तेवढ्यात ढग. यंत्र गार. ऊन आलं. वाटी पुन्हा कलंडली.

आत्याची नखं भाचीच्या मनगटात रुतली.

रिकाम्या वाटीतून थेंबही पडला नाही.

"घाल म्हणावं त्याला आता कितीदा पालथी घालायची ती," आत्या म्हणाली. मनगट मात्र तिनं सोडलं नाही.