हरणीची म्हातारी

दिवाळी झाली की माणदेशातली मेंढरं आमच्या सांगलीकडच्या रानात खतासाठी बसायला यायची, आणि त्यांच्या मागून घोडीशी भांडत एक म्हातारी यायची. सुनेला ती कधी चढ्या आवाजात बोलल्याचं ऐकलं नाही. सगळा राग हरणीवर. हरणी म्हणजे तिची तांबडी घोडी. भांडी, अंथरुणं, कोंबड्या, सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालायची. आम्ही तिला हरणीची म्हातारीच म्हणायचो.

थंडी पडली की हरणीच्या अंगाला खाज सुटायची. माझ्या बांधावरच्या बाभळीला अंग घासून घासून रक्त काढायची. मग म्हातारी दाणे काढलेलं मक्याचं कणीस घेऊन तिची मान हलक्या हातानं खरवडायची, कडुलिंबाचा पाला उकळलेल्या कोमट पाण्यानं अंग पुसायची, उन्हात उभी करून करंजाचं तेल चोळायची. तोंडानं शिव्या चालूच. "मुक्या जिवाला खाजवाय हात न्हाईत, म्हनून तर देवानं आपल्याला दोन दिल्यात," हे तिचं ठरलेलं.

तिच्या फुटलेल्या टाचा बघून माझ्या बायकोनं मलमाची डबी दिली. दुसऱ्या दिवशी डबी रिकामी आणि हरणीची मान चकचकीत. बायको करवादली, तर म्हणते कशी, "माजं पाय काय, चालत्यात तसंच." घोंगडं खुपतं म्हणून स्वतःचं मऊ लुगडं फाडून तिनं घोडीच्या ओझ्याखाली घातलं होतं. तिला शहाणपण सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या हिवाळ्यात मात्र खाज हटेना. पाठ सोलवटली. मुलगा म्हणाला, "आये, वझं घेत न्हाई तर पोसायची कशाला? हिला इकू, टेंपो घिऊ." मिरजेहून वरातीच्या घोड्यांचा एक मालक त्यानं बोलावला, तो पाठ बघूनच परत फिरला. घोडीला ओझं घेता आलं तर ती राहील, एवढंच म्हातारीच्या डोक्यात बसलं. डॉक्टरचं औषध, आपलं तेल, सिद्धनाथाचा भंडारा, तिनं काहीच सोडलं नाही. संक्रांत झाली आणि पाठीवर नवी लव आली. मला हाताला धरून दाखवायला नेलं. "बगा, कशी रेशमावानी झालीया!"

ते मुलानंही बघितलं होतं. चार दिवसांत मिरजेचा मालक पुन्हा आला, पाठीवरून हात फिरवला आणि घोडी त्याला पसंत पडली. "टेंपो सांगून ठेवलाय, आये," मुलगा खाली मान घालून म्हणाला. म्हातारीनं कणीस त्या मालकाच्या हातात कोंबलं. "मानंखाली लय खाजतंय तिला, तितं जरा..." त्यानं मान डोलावली. तो गेल्यावर कणीस माझ्या बांधावरच पडलेलं दिसलं. मी ते तिला दाखवलं नाही.

यंदा बिऱ्हाड टेंपोतून आलं. म्हातारी उतरली ती थेट बाभळीकडे गेली आणि सालीत अडकून राहिलेले तांबडे केस नखानं सोडवत बसली. मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "तुमच्या हातानं बरी झाली हो मावशी ती."

"व्हय," म्हातारी म्हणाली. "बरी केली म्हनून तर गेली. जरा खाजत ऱ्हाऊ दिली असती, तर आज हितं असती."