दुधाने घालवलेला निळा रंग

नव्वदच्या सुमाराला मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, तपासणीचे किट बनवणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत होतो. आमचे साहेब सहा महिने परदेशात राहून आलेले, त्यामुळे बोईसर स्टेशनावर उतरणारा प्रत्येक माणूस त्यांना अडाणी वाटायचा.

काम तसं सरळ. नमुन्याला एक चमकणारा रंग जोडलेला असायचा. त्या रंगाला हुडकून धरणारी अँटिबॉडी सोडायची. तिला बायोटिन हे जीवनसत्त्व चिकटवलेलं. त्या बायोटिनला दुसरं एक प्रथिन धरायचं, आणि शेवटी प्लेटच्या खळग्यांत निळा रंग यायचा. आला की साहेब हुशार, नाही आला की आम्ही गाढव.

एकदा निळा रंग पार फिका पडला. आठवडाभर तसाच. नाचता येईना अंगण वाकडं! साहेबांनी भांडी धुणाऱ्या मावशींना धरलं. त्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातून यायच्या, घर त्यांच्याच पगारावर चालायचं. साहेबांचं म्हणणं, हिच्या हातांची मासळी भांड्यांना लागते. शनिवारपर्यंत रंग सुधारला नाही तर घरी बसायचं, असं तोंडावर सांगून टाकलं.

मावशी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "ते दूद आलं तवापासून तुमचं निळं जातंय. भांडी मीच धुते, मला दिसत नाय?"

खरं होतं. प्लेटच्या मोकळ्या जागा लेपायला परदेशी प्रथिन लागायचं. ते महाग, म्हणून साहेबांनी दुधाची पावडर आणली होती. पण मी हसलो. पदवीधर ना मी! दूध म्हणजे प्रथिनच, त्याने काय बिघडणार, असं त्यांनाच शिकवलं. त्या बिचाऱ्या परत भांड्यांकडे गेल्या.

शनिवारी मावशी गेल्या. सोमवारी त्यांचं बोलणं आठवून मी दोन प्लेटी लावल्या, एक दुधाची, एक बिनदुधाची. बिनदुधाची निळीशार! दुधात मुळातच बायोटिन असतं. अँटिबॉडीवरच्या बायोटिनला धरायचं ते प्रथिन दुधातल्या बायोटिनलाच धरून बसत होतं. पुस्तकात छापलेलं होतं हे, आणि आम्ही दोघे दीडशहाणे ते वाचून विसरून बसलो होतो.

साहेब खूश झाले. "छान पकडलंत. सूचना काढू, खाली आपल्या दोघांच्या सह्या."

सूचना मीच लिहिली, बायोटिन असेल तिथे दूध वापरू नये. मावशींना परत बोलवा, हे वाक्य जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि सही केली.