यमाईच्या डोंगरावर मागितलेलं मागणं

हे मी माझ्या यजमानांनाही पुष्कळ वर्षं सांगितलं नव्हतं. एका आईने देवीपुढे उभं राहून काय मागितलं हे कळलं, तर मला कोणी माणसात धरणार नाही, असं वाटायचं.

बहात्तरच्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं उलटली होती. माझं सासर तासगावजवळच्या खेड्यात. यजमान फौजेत, वर्षातून एकदा रजेवर यायचे. आमची सुमन तेव्हा सहा वर्षांची होती. दिसायला सुरेख, पण बोलायची नाही. हाक मारली तरी वळायची नाही. कोणी अंगाला हात लावला की किंचाळायची. दिवसभर चिंचोके एका ओळीत मांडत बसायची आणि ओळ मोडली की कपाळ भिंतीवर आपटायची. गाव म्हणायचं, बाहेरची बाधा आहे. सांगलीच्या एका शिकलेल्या डॉक्टरांनी निराळंच सांगितलं. आईची माया कमी पडली की मूल असं आतल्या आत मिटतं, परदेशातल्या पुस्तकांत तसं लिहिलंय, म्हणाले. परतीच्या एस.टी.त मी आठवत बसले, कोणत्या दिवशी तिला पाजायला उशीर केला, कधी चिडून खाली ठेवलं. तशा दोन-चार वेळा आठवल्याही. मग चुलत दीर म्हणू लागले, पोरीला कुठल्या तरी संस्थेत टाका. माझाच माझ्यावर विश्वास उरला नव्हता.

त्या नवरात्रात सासूबाईंनी हट्ट धरला, औंधच्या यमाईला जाऊन ओटी भरू. आम्ही दोघी सुमनला घेऊन डोंगर चढलो. देवळात ही गर्दी, ढोल आणि हलगी घुमत होती. सुमन कानांवर हात दाबून ओरडत होती आणि लोक वळून वळून बघत होते. कोणीतरी म्हणालं, "अंगात आलंय पोरीच्या." मी ओटी भरली आणि मनात म्हणाले, आई, हिला बोलती कर, नाहीतर तुझ्याकडे घे. माझ्यात आता जोर राहिला नाही.

अंगारा घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात सुमनचं मनगट माझ्या हातातून निसटलं. वळून बघते तो ती नाही.

सासूबाई पायऱ्यांकडे धावल्या, मी देवळाच्या मागच्या उतारावर. तिकडे खोल घळ होती. माझ्या डोक्यात एकच विचार, देवीने ऐकलं. दोनांतलं दुसरं ऐकलं. मी काट्याकुट्यांतून धावत होते आणि मोठ्याने ओरडत होते, "न्हाई गं आई, न्हाई! न्हाई बोलली तरी चालंल. हाय तशी दे. माजी मला दे." कोण ऐकतंय याची शुद्ध नव्हती.

घळीच्या वर सपाटीला धनगरांची मेंढरं बसली होती. त्यांच्या मधोमध माझी सुमन. दोन मेंढ्यांच्या मध्ये अंग घट्ट दाबून, डोळे अर्धे मिटून, स्वतःशी गुणगुणत होती. जी कोणाचा हात सोसत नव्हती, ती. शेजारी घोंगडीवर एक म्हातारी धनगरीण बसली होती. मी झेप घेणार, तोच तिने हात आडवा केला.

"धावू नगंस. बिचकंल. तुजं हाय व्हय लेकरू?"

"व्हय."

"ढोलाचा आवाज सोसला न्हाई तिला. हितं आली न् गप झाली. बस तू बी."

"कुणाला शिवू देत न्हाई ती, आजी."

"मग शिवू नगं. नवं कोकरू असंच असतंय. मागं लागलं की पळतंय. निस्तं जवळ बसावं, त्याला यायचं तवा येतंय."

मला रडू आवरेना. म्हटलं, "आजी, माज्यात मायाच कमी हाय म्हनत्यात."

म्हातारीने माझ्या पायांकडे बघितलं. दोन्ही तळव्यांतून रक्त येत होतं, मला कळलंही नव्हतं. ती म्हणाली, "अशी काट्यातनं आलीस न्हवं? मग कोन म्हनतंय?"

मी बसले. किती वेळ, सांगता येत नाही. ऊन कललं तशी सुमन उठली, माझ्याकडे न बघता आली आणि माझ्या पाठीला पाठ लावून बसली. सहा वर्षांत पहिल्यांदा ती आपणहून माझ्याजवळ आली होती. मी हललेही नाही.

पुढच्या वर्षी मी लुगडं-खण घेऊन म्हातारीला शोधलं. ती सापडली नाही. धनगरांचा तळ हलतो, त्यात नवल नाही, आणि मी त्याचा अर्थही लावत नाही.

सुमन बोलली नाही. आजही चार-पाच शब्दांपलीकडे नाही. तिच्या दुखण्याला नाव आहे, हे मला फार उशिरा कळलं. पेपरांत, सभांत वाद चालायचे, दोष रक्ताचा की आईचा. पुढे शहाण्या लोकांनीच मान्य केलं की आईचा नव्हे. ते वाचलं त्या दिवशी मी शांत होते. मला ते त्या डोंगरावरच सांगून झालं होतं.

अजून दर नवरात्रात आम्ही मायलेकी औंधला जातो, गर्दी नसेल अशा वेळी. मी ओटी भरते, हात जोडते आणि काय मागावं ते मला सुचत नाही.