पुन्हाकाका आणि दुसरी चकती

एखादा सिनेमा एकदाच बघून "छान होता" म्हणणाऱ्या माणसाचा पुन्हाकाकांना मनापासून राग यायचा. "आमटी एकदाच जेवलात का आयुष्यात?" असं ते विचारायचे आणि समोरच्याला हाताला धरून घरात न्यायचे. भाईंदरला खारी गावाला लागून असलेल्या आमच्या सोसायटीत त्यांचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक होतं.

शिफारस मात्र एकाच सिनेमाची. परदेशी, राजेरजवाड्यांच्या काळातला, हिंदीत डब केलेला. एका भित्र्या सरदाराचं चिलखत गंजून अंगावरच अडकतं आणि नेमका तेव्हाच तो राजकन्येच्या प्रेमात पडतो. किल्ल्यात मेलेल्या राजाचं भूत असतं, ते नव्या आचाऱ्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवत फिरतं. त्यात खून आहे, तलवारी आहेत, गाणी आहेत, आणि तरी पोट धरून हसायला येतं. कुठे मिळाला तर तुम्हीही बघाच. चिलखत निघतं की नाही, ते मी सांगणार नाही.

काकांना हा सिनेमा मिळाला तो भांडणातून. स्टेशनजवळच्या सीडीवाल्यानं तो विनोदी सिनेमांत ठेवला होता. "भाई, इसमें खून होता है, कॉमेडी में क्यूँ रखा?" काकांनी त्याला हटकलं. त्यानं तो भुताखेतांच्या कप्प्यात टाकला. काका पुढच्या रविवारी पुन्हा हजर. "अरे, इसका भूत तो खुद डरता है!" मारामारीच्या कप्प्यातही काकांनी तो टिकू दिला नाही. शेवटी सीडीवाल्यानं हात जोडले, "अंकल, आप ही घर ले जाओ. हमेशा के लिए."

मग दर रविवारी जेवणं झाली की खेळ सुरू. "पहिल्यांदा गोष्ट बघायची, दुसऱ्यांदा माणसं बघायची, आणि तिसऱ्यांदा मागचा तो घोडा बघायचा," असा काकांचा नियम होता. खरंच, सरदार प्रेमाचं भाषण ठोकतो तेव्हा मागे घोडा त्याच्या टोपाचं पीस खात असतो. मला तो पाचव्या खेपेला दिसला आणि मी खुर्चीतून पडायचीच राहिले. मुर्ध्याहून मासे घेऊन येणारी मावशीसुद्धा पाटी दाराशी ठेवून डोकावायची. "काका, त्याचा पत्रा आजून निघाला न्हाय काय?"

काकांच्या या सुखात एकच खडा होता, तो म्हणजे काकू. सिनेमा दोन चकत्यांवर होता. पहिली संपून काका दुसरी लावायला उठले की काकूंची मान खुर्चीच्या पाठीला टेकलीच. "हिनं एकदा, फक्त एकदा शेवट जागेपणी बघावा, एवढीच इच्छा आहे गं माझी," काका म्हणायचे आणि खरोखर कष्टी व्हायचे. मग चार वाजता स्वतः चहा टाकून काकूंना उठवायचे आणि त्यांच्यासमोर सगळा शेवट करून दाखवायचे. तलवार म्हणून झारा, चिलखत म्हणून पोटावर ताट. काकू बशीतला चहा फुंकत "अगोबाई, मग?" म्हणत राहायच्या.

निवृत्तीनंतर दोघं रत्नागिरीकडे गावी निघाली. टेम्पोत सामान चढत असताना काकांनी सिनेमाची डबी माझ्या हातात ठेवली. "तू ठेव. गावाला प्लेयर नेतोय तो भजनांसाठी. हिला काय, झोपच लागते. माझी हौस कुणासाठी न्यायची तिकडे?" एवढं बोलून ते घाईनं जिना उतरले.

पाठोपाठ काकू वर आल्या, पाण्याची बाटली राहिली म्हणून.

"डबी ठेव तुझ्याकडे. आतल्या चकत्या तेवढ्या दे गो."

"पण काकू, तुम्हाला तर झोप लागते..."

"कसली झोप! डोळे मिटून पडते. दुसरी चकती तोंडपाठ आहे मला. पण मी जागी आहे म्हटल्यावर हे शेवट कशाला करून दाखवतील? अख्ख्या पिक्चरमध्ये तेवढंच तर बघण्यासारखं आहे." दोन्ही चकत्या पदराआड गेल्या. "यांना बोलू नको हां."

महिन्याभरानं काकांचा फोन आला. आवाजात लाज होती आणि आनंद त्याहून जास्त.

"अगं, चकत्या प्लेयरच्या खोक्यात निघाल्या! तुला मी रिकामीच डबी दिली की गं! आत्ताच लावला होता. पण ही नेहमीसारखीच दुसऱ्या चकतीला झोपली बघ."

"मग आता?"

"आता काय, चहा टाकतोय. शेवट सांगायला नको का तिला?"

मागून काकूंचं घोरणं ऐकू येत होतं. जरा जास्तच मोठ्यानं.