बाटलीतलं एकत्र कुटुंब

नांदेडहून मुखेडला निघालेल्या एसटीत एकानं खिडकीतून दस्ती टाकून माझ्या शेजारची जागा धरली. कपाळावर भस्माचे पट्टे, भरघोस मिशा, आणि बोलण्याआधी दरवेळी त्याच दस्तीनं मिशा पुसायची सवय. शेजाऱ्याचं पाणी प्यायला आमच्याकडं कुणी विचारत बसत नाही. बस सुटताच त्यानं माझी बाटली उचलली, झाकण काढलं, मान मागं टाकली.

"अहो, थांबा! अळ्या आहेत त्यात!" मी ओरडले.

त्यानं बाटली उजेडात धरली. लाल अळ्या वळवळत होत्या.

"नालीतल्या दिसतात, म्याडम. पाळून राहिल्या काय?"

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, अळ्या वर्गात दाखवायलाच नेत होते, त्यामुळं तोंड सुरू झालंच. या अळीच्या लाळेच्या ग्रंथीत महाकाय गुणसूत्रं असतात. पेशी दुभंगत नाही, पण आतल्या धाग्याच्या प्रती निघतच राहतात. त्या सुट्या होत नाहीत, एकमेकींना चिकटून बसतात. त्यांचा असा जाडजूड दोर होतो, की कॉलेजातल्या साध्या सूक्ष्मदर्शकातही त्याचे आडवे पट्टे दिसतात.

त्यानं मिशा पुसल्या. "म्हंजी वाढ लई, पन वाटणी न्हाई?"

"तसंच म्हणा," मी हसले.

मुखेडला उतरताना त्यानं पुन्हा मिशा पुसल्या आणि हात पुढं केला.

"द्या मग ती बाटली. धाकट्या भावाला पाजतो. शेताची वाटणी मागून राहिला त्यो."

बोलला हसतच, पण हात काही मागं घेतला नाही.