त्याच्या वाटचं पाणी

जव्हारच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक आरसा आणि बायकांना बसायला एक बाकडं. हल्ली त्या बाकड्यावर बसणारी प्रत्येक बाई मला वरपासून खालपर्यंत न्याहाळते आणि म्हणते, "अगं, किती बारीक झालीस! छान दिसतेस. काय घेतेस?" माझ्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे उत्तर द्यावं लागत नाही. नसल्या तर मी पटकन धरते.

मी जन्माची जाडी. खोडाळ्याला आमच्या घरची सगळी माणसं काटक, भाताच्या आणि नागलीच्या शेतात उभा जन्म काढलेली. मीच कोणावर गेले देव जाणे. माझा धाकटा भाऊ मोखाडा-खोडाळा जीप चालवायचा. मी माहेरी जायला त्याच्या जीपमध्ये चढले की भर स्टँडवर ओरडायचा, "बाय, तू मधी बस, नायतर गाडी कलंडंल!" लोक हसायचे. मी त्याच्या पाठीत धपाटा घालायची आणि मध्ये बसायची. माझ्या शेजारी चौथं माणूस कधी मावलं नाही.

मग त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. रक्तदाब किती वर्षं आतल्या आत वाढत होता, ते त्याला कळलं नाही आणि आम्हालाही नाही. जीप विकली, डायलिसिस सुरू झालं. भावजयीचा रक्तगट जुळला नाही, माझा जुळला. मला इतका आनंद झाला की दवाखान्यातच मी त्याला म्हणाले, आता आयुष्यभर माझ्या धाकात राहशील. नवरा म्हणाला, "तुझा भाऊ, तुझं शरीर. मी आडवा येणार नाही." पण नाशिकच्या डॉक्टरांनी माझे कागद बघितले, मग मला बघितलं आणि म्हणाले, "ताई, किडनी उत्तम आहे, पण या वजनात ऑपरेशन नाही करता येणार. आधी वजन उतरवा." माझ्या जाडीला न हसलेला तो पहिलाच माणूस. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या जाडीचा मनापासून राग आला.

भाकरी अर्धी केली, भात सोडला, पण काटा हलेना. भावाच्या अंगात फार वेळ वाट बघायची ताकद नव्हती. शेवटी डॉक्टरांनी आठवड्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं. पोटाची चिमूट धरायची आणि टोचायचं. सुयांशी माझा रोजचाच संबंध, त्यामुळे टोचायची भीती वाटली नाही. भीती वाटायला हवी होती ती नंतरच्या दिवसांची.

आधी भूक गेली. तेवढंच असतं तर मी डॉक्टरांच्या पाया पडले असते. मग मळमळ आली, ती मुक्कामालाच आली. शेजारी फोडणी पडली की मी दार लावून घ्यायची. ईदेला शेजारच्या भाभींनी नेहमीप्रमाणे बिर्याणीचं ताट आणलं. झाकण काढलं आणि मी ताट त्यांच्याच हातात देऊन मोरीकडे पळाले. बिचाऱ्या बाहेर उभ्या राहून विचारत होत्या, "बिघडली का हो? सकाळचीच आहे." ढेकर यायचे ते सडक्या अंड्याच्या वासाचे. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेताना मी श्वास रोखून धरायची. पोट चार चार दिवस साफ व्हायचं नाही, आणि व्हायचं ठरवलं की माप अर्धवट टाकून धावावं लागायचं. वजन मात्र उतरत होतं. मी माझे ब्लाउज एकामागून एक आत घेत होते. त्याच टेबलावर भावाचे शर्टही असायचे. तेही आतच घ्यायचे होते.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी पाठ केलं. ताटाऐवजी बशीत जेवायचं. घास लहान, आणि पोट भरतंय असं वाटायच्या आधीच हात धुवायचा. तळलेलं बंद. जेवून आडवं व्हायचं नाही. मी गावाबाहेर शिरपामाळच्या रस्त्याला पायी फिरून यायची, फोटो काढणारे पर्यटक बाजूला सारत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी. "घोट घोट, पण दिवसभर," डॉक्टर म्हणाले. "त्याशिवाय पोट साफ होणार नाही. आणि उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर ताण किडनीवर येईल. ती किडनी आता तुमच्या एकटीची नाही."

ते वाक्य मला फार लागलं. आणि नेमकं पाणीच मला जाईना. नळाच्या पाण्याला त्यात टाकलेल्या औषधाचा वास येतो, एरवी तो कोणाच्या लक्षातही येत नाही. मला पेला तोंडाशी नेला की उमासा यायचा.

इकडे भावाचं उलटं. त्याचं डायलिसिस जव्हारलाच व्हायचं आणि ते झालं की तो माझ्याकडे येऊन पडायचा. त्याला दिवसाला एक छोटी बाटली पाणी, चहा-औषधं सगळं त्यातच. जास्त प्यायलं की ते अंगात साठायचं, पाय सुजायचे, धाप लागायची. तोंडाला कोरड पडलेली, ओठ फाटलेले, आणि डोळे माठावर. त्याचा हात तिकडे गेला की मी मशीनवरून मान न वळवता म्हणायची, "डॉक्टरांना सांगते बघ." हात मागे यायचा. कधी कधी तो नुसताच माठाला टेकून बसायचा, गार लागतो म्हणून. मी बघून न बघितल्यासारखं करायची.

त्याच्यासमोर मला पाणी पिववेना. मी मोरीत जाऊन, पाठ करून प्यायची. एकदा त्याने पकडलंच.

"चोरासारखी काय पितेस? हितं येऊन पी."

"तुझ्यासमोर नको."

"मला बघायचं हाय. पी की."

मी त्याच्यासमोर बसून दोन घोट घेतले आणि तिसऱ्याला तोंड फिरवलं. "वास येतो रे," म्हणाले. पुढच्या वेळी आला तो हातात पाण्याचा कॅन घेऊन. आमच्या गावाखालच्या झऱ्याचं पाणी. चैत्राचे दिवस, झरा करंगळीएवढा झालेला. भावजयीने पहाटे वाटीवाटीने भरलेलं ते पाणी त्याने दुसऱ्याच्या जीपमधून मांडीवर धरून आणलं होतं. ज्याला घोटभर प्यायची मुभा नाही, तो माणूस खोडाळ्याहून जव्हारपर्यंत भरलेला कॅन मांडीवर घेऊन आला होता. मी त्याच्यावर ओरडले, कॅन उचलायचा नाही हे कळत नाही का म्हणून. ओरडले नसते तर रडले असते.

ते पाणी मला गेलं. एक घोट, मग दुसरा, आणि पोटात राहिलंही.

"कसं लागतं?" त्याने विचारलं.

"पाण्यासारखं."

"नीट सांग ना बाय."

मग मी नीट सांगितलं. गार आहे. शेवाळाचा किंचित वास आहे. गळ्यातून जाताना खाली कुठपर्यंत गेलं ते कळतं. तो डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, "माझ्या वाटचं पण तूच पी." तेव्हापासून दर खेपेला एक कॅन यायचा आणि रिकामा परत जायचा. डायलिसिस नसेल त्या दिवशी फोन व्हायचा. दोघांचा प्रश्न एकच असायचा: पाणी प्यायलं का? त्याला माझं 'हो' हवं असायचं आणि मला त्याचं 'नाही'.

इंजेक्शनचा डोस वाढवला आणि मी कोसळले. सलग दोन दिवस उलट्या. झऱ्याचं पाणीसुद्धा उलटून पडलं. त्या आठवड्यात नाशिकला तपासणी होती आणि माझ्या किडनीचा रिपोर्ट बिघडलेला आला. डॉक्टरांनी डोस परत खाली आणला. "हे भरून येईल. पण थांबावं लागेल. घाईने दोघांनाही टेबलावर घेणार नाही," म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. तरी मला त्यांचं तोंड बघवेना.

परतीच्या एसटीत घाट लागला तेव्हा भाऊ म्हणाला, "बाय, सोड ते इंजेक्शन. तुझं ओकणं मला बघवत नाय. नको मला किडनी."

"तुझ्यासाठी कोण करतंय?" मी म्हणाले. "मला बारीक व्हायचंय. या वयात जरा मिरवेन म्हणते."

तो इतका हसला की पुढची माणसं वळून बघायला लागली. हसता हसता त्याला धाप लागली, आणि मी मोखाडा येईपर्यंत त्याची पाठ चोळत राहिले.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. नागलीचं पीठ पातळ शिजवून, चिमूटभर मीठ घालून आंबील करायची आणि चमच्याने प्यायची. एक चमचा, मग मशीनवर एक शिवण, मग दुसरा चमचा. भाभींनी सुंठ आणून दिली, ती चघळायची. इंजेक्शन शनिवारी संध्याकाळी घ्यायचं, म्हणजे वाईट दिवस दुकान बंद असताना निघून जातो. डायलिसिसच्या दिवशी तो माझ्यासमोर बसून मला चमचे मोजून पाजायचा आणि मी त्याची बाटली माझ्या पायाशी ठेवून घ्यायची. कोण कोणाचं आजारपण काढतंय, हे बघणाऱ्याला कळलं नसतं. ते दिवस मला आवडत होते, असं आज लिहिताना कळतंय.

वजन जिथे हवं होतं तिथे आलं. रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, आता कागद मंजुरीला जातील आणि मग तारीख मिळेल. मी तारखेचं विचारत होते, आणि भाऊ मध्येच म्हणाला, "साहेब, नंतर पाणी किती प्यायचं?"

"भरपूर. प्यावंच लागेल."

खाली उतरताना जिन्यातच त्याने मला थांबवलं. "पहिल्यांदा गावच्या झऱ्यावर जाणार. तांब्या भरणार. एका दमात, मधी श्वास नाय घेणार. तू म्होरं बसून बघायचंस."

"आणि मी विचारणार, कसं लागतं."

"मंग मी सांगणार, पाण्यासारखं."

तारीख यायच्या आधी तो गेला. सकाळी अंगणात दात घासता घासता खाली बसला आणि उठला नाही. हृदय थांबलं, असं नंतर सांगितलं. अशा आजारात होतं म्हणे तसं. भावजयीचा फोन आला तेव्हा मी आंबील पीत होते. काय ऐकलं ते आठवत नाही. घराबाहेर पडताना कोपऱ्यातला कॅन उचलला, एवढं आठवतं. आदल्या खेपेला त्याने आणलेला होता, निम्मा भरलेला.

मोखाड्याहून खोडाळ्याच्या जीपमध्ये मी मधल्या सीटवर बसले. मागून एक बाई आली आणि माझ्या शेजारी बसली. तिच्यानंतर आणखी दोघी. सगळ्या मावल्या. कोणी ओरडलं नाही, गाडी कलंडली नाही. त्याच्यासाठी कमी केलेलं सगळं अंग कमी झालं होतं आणि माझ्या कुशीत ती किडनी तशीच होती, तपासून पास झालेली. तिला कोणी घेणारं उरलं नव्हतं. मी कॅन मांडीवर धरून बसले, तो धरायचा तसा.

अंगणात त्याला निजवलं होतं. मी आत घेतलेला शर्ट घातला होता, तोही आता सैल झाला होता. आमच्याकडे उचलायच्या आधी घरचं प्रत्येक माणूस तोंडात पाण्याचे थेंब सोडतं. भावजयीने सोडले, मुलांनी सोडले. माझी पाळी आली तेव्हा थोरल्या काकांनी पाण्याची वाटी पुढे केली. मी ती घेतली नाही. चुलीजवळचा तांब्या आणला आणि कॅनमधून काठोकाठ भरला. भावजयीने कॅन ओळखला. तिने त्याचं डोकं जरा वर धरलं.

त्याचे ओठ अजून फाटलेलेच होते. मी पाणी सोडत गेले. ते तोंडात साठलं, ओठांच्या कडेने गळ्यावर आलं, शर्टाच्या कॉलरमध्ये उतरलं, खालची जमीन ओली झाली. मी थांबले नाही.

"बास कर पोरी," काका म्हणाले. "दोनच थेंब द्यायचे असतात."

"पिऊ द्या त्याला," मी म्हणाले. "डॉक्टरांना मी सांगते."